जागेचा धनी

विजयदुर्गाहून तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा असा जो रस्ता कोल्हापूरकडे चढतो, त्याच्या दोन टोकांना दोन गड आहेत. खाली वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आणि वर, कोल्हापूरच्या अलीकडे फाटा घेतला की पन्हाळा. दोन्ही गड परंपरेने एकाच राजाच्या नावावर जमा आहेत: कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसरा भोज, बाराव्या शतकाच्या अखेरचा. दोन्ही आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आले, विजयदुर्ग १६५३मध्ये आणि पन्हाळा १६५९च्या नोव्हेंबरात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली, त्यातही हे दोन्ही आहेत. देवगडहून पहाटे निघालेलं कुटुंब पन्हाळा बघून रात्री घरी जेवायला येऊ शकतं, आणि सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरची गाडी तशीच विजयदुर्गाला येऊन जाते. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे. विजयदुर्गाच्या तिहेरी तटाआत आज कुणाची चूल पेटत नाही. गाव तटाबाहेर आहे. पन्हाळ्यावर मात्र सुमारे तीन हजार माणसं राहतात, नगरपरिषद आहे, तहसील कचेरी आहे, शाळा भरते, मशिदीत बांग होते आणि अंबाबाईच्या देवळात आरती होते. मध्ययुगातलं डोंगरावरचं गाव आपल्या तटासकट टिकून आहे आणि त्यात लोक नांदताहेत, असं उदाहरण महाराष्ट्रात शोधायचं तर पन्हाळ्याचंच नाव आधी येतं. अशा जागेत एका दिवसासाठी शिरणाऱ्याने कोणाची परवानगी घ्यायची? जागेचा धनी कोण? हा प्रश्न पुरातत्त्वाचा किंवा पर्यटनाचा वाटतो. माझ्या मते तो मुळात धर्माचा आहे, कारण जे आपण घडवलं नाही आणि आपल्यानंतरही उरणार आहे त्याच्याशी कसं वागायचं, हे ठरवण्याचं काम धर्माचंच आहे.

धनीपणावर आज तिघांचा दावा आहे. पहिला सरकारचा. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने पन्हाळा आणि विजयदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. ओसाड किल्ल्याभोवती ही वर्तुळं आखणं सोपं आहे. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव या वास्तू वस्तीतच विखुरल्या आहेत, त्यामुळे तीच वर्तुळं लोकांच्या छपरांवरून, परसांवरून, वाढत्या संसारांवरून जातात. म्हणून दुसरा दावा रहिवाशांचा. जागतिक यादीची चर्चा सुरू झाली तेव्हा गडावरच्या लोकांनी विस्थापनाची आणि नव्या निर्बंधांची भीती उघडपणे बोलून दाखवली. ती भीती खोटी ठरवण्याची घाई कोणी करू नये, कारण जतनासाठी वस्ती हलवल्याची उदाहरणं जगात कमी नाहीत. तिसरा दावा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. १९७२च्या जागतिक वारसा कराराची कल्पनाच अशी आहे, की काही जागा अवघ्या मानवजातीच्या असतात. कल्पना उदात्त आहे, पण व्यवहारात तिचा अर्थ असा उतरतो की तिकीट काढलं की जागा दिवसभरापुरती आपली.

या तिन्ही दाव्यांत एक गृहीत सारखंच आहे. जागा कुणा ना कुणा जिवंत माणसाच्या मालकीची असते आणि भांडण फक्त वाट्याचं आहे, असं तिघेही धरून चालतात. मला हेच गृहीत चुकीचं वाटतं. आणि ते चुकीचं का, हे समजायला फार लांब जावं लागत नाही. ज्या रस्त्याने ही सहल घाट चढते त्याच्याच आजूबाजूच्या गावांनी यावर विचार केला आहे, आणि नुसता विचार करून न थांबता त्याची रीत पाडली आहे.

दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीत गावाचा धनी म्हणजे देव. रामेश्वर असेल, भगवती असेल, रवळनाथ असेल. त्याच्या खाली राखणदार, आणि मानकरी हे फक्त त्याचे कारभारी. ही नुसती भाविकांची भाषा नाही, ती निर्णय घेण्याची पद्धत आहे. गावाचा मोठा निर्णय घ्यायचा तर कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने ओले केलेले तांदूळ किंवा कळ्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाण्यात प्रश्न मांडतो, जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात आणि मग सगळे गप्प बसतात. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गावागावांत या रीतीत थोडाफार फरक आहे. काहीच न पडण्याचीही शक्यता असते, आणि तेव्हा पंच, सरपंच, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे ताटकळत बसतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कॅलेंडरमध्ये छापलेल्या तिथीला होत नाही. कौल होतो, तारीख ठरते, आणि मग मुंबईतल्या लाखो लोकांच्या रजा, कोकण रेल्वेच्या जादा गाड्या आणि पुढाऱ्यांचे दौरे त्या तारखेभोवती बसवले जातात. इतक्या मोठ्या गर्दीला आपल्या सोयीची तारीख मागता येत नाही, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

याहून पुढचं पाऊल म्हणजे गावपळण. मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने, आणि वैभववाडीतल्या शिराळ्यात दरवर्षी, अख्खं गाव वेशीबाहेर जातं. आचऱ्याला रामेश्वराच्या देवळातली नौबत झाली की माणसं घरांना कुलपं लावून, गुरं, कोंबड्या, कुत्री बरोबर घेऊन निघतात आणि तीन दिवस तीन रात्री वेशीपलीकडे राहुट्या ठोकून राहतात. त्यात सगळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक असतात. त्या तीन रात्री गावात दिवा लागत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि देवाने होकार दिला की लोक परततात. ही प्रथा कशी सुरू झाली याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. कोणी भुताखेतांचं सांगतो, कोणी रोगराईचं, कोणी परचक्राचं. मूळ काहीही असो, ती आज जे शिकवते ते स्पष्ट आहे. गावात राहणारा माणूससुद्धा गावाचा मालक नाही. ज्या घरात तो जन्मला त्या घरात तो परवानगीने राहतो, आणि ती परवानगी ठरावीक काळाने परत करून नव्याने मागून घ्यावी लागते.

समुद्रावरही हाच न्याय आहे. देवगड बंदरातल्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै समुद्रात जात नाहीत. हा आज सरकारी नियम आहे, त्याचं शास्त्रीय कारण माशांच्या विणीचं आहे. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होडी लोटायची, हा संकेत त्या नियमाच्या कितीतरी आधीचा. दर्यावर पोट भरणाऱ्यांनीच दर्याला आपल्यापासून काही काळ सोडवून ठेवलं. आज दंडाच्या भीतीने जे होतं ते तिथे धनी मोठा आहे या जाणिवेने होत होतं. त्या जाणिवेचा उपयोग होता म्हणून ती खरी, असं मी म्हणत नाही. ती खरी असल्यामुळे तिचा उपयोग झाला, असं मला वाटतं. आणि इथेच पहिला गंभीर आक्षेप येतो.

विवेकवादी विचारेल: राखणदार आहे कुठे? भिजलेला तांदूळ वाळला की पडतो; कोणत्या बाजूने आधी पडेल हा पाणी, वारा आणि दगडाच्या खडबडीतपणाचा प्रश्न आहे. त्यावर गावाचा कारभार सोपवणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं. हा आक्षेप मी टाळणार नाही. तांदळाबद्दल तो बरोबर आहे. पण जागेचा धनी माणूस नाही हे विधान तांदळावर उभं नाही. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊनच जन्मतो असं म्हटलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथं घातलं, माणसांचं, आणि ते अन्न-आसरा देऊन फेडायचं असतं. ऋणाची ही कल्पना नास्तिकालाही नाकारता येत नाही, कारण तिचा पुरावा डोळ्यांसमोर आहे. अंबरखान्याच्या गंगा कोठीच्या बाहेरच्या अंगाने जिना छतावर जातो आणि घुमटाच्या माथ्यावर धान्य ओतायची भोकं आहेत. १६६०मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिन्यांवर चालला आणि गड तगला, तो अशा कोठारांच्या जोरावर. ते धान्य पिकवणारे, डोक्यावरून गडावर चढवणारे, कोठार बांधणारे, आणि त्या जुलैच्या रात्री महाराजांचं रूप घेऊन शत्रूच्या गोटात गेलेला शिवा काशीद, यांचं देणं आज कोणाला फेडता येतं? त्यांना परत देण्याचा मार्ग नाही. जे देणं फेडता येत नाही ते देणेकऱ्याने मालमत्ता म्हणून वापरायचं नसतं. राखणदार म्हणजे या न फिटणाऱ्या देण्याला दिलेलं रूप.

कायद्यालाही हे रूप परकं नाही. भारतीय न्यायालयांनी देवमूर्तीला मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानलं आहे. १९२५मध्ये मल्लिक कुटुंबाच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने याहून पुढे जाऊन म्हटलं, की मूर्ती कुठे राहावी याबद्दल मूर्तीच्या इच्छेचा मान राखला पाहिजे आणि ती इच्छा मांडायला तिच्या वतीने कोणी त्रयस्थ उभा राहिला पाहिजे. लंडनमध्ये बसलेल्या न्यायाधीशांना त्या मूर्तीत प्राण आहे असं वाटत नव्हतं. तरीही न्याय करायचा तर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या वर तिसरा कोणी मानावा लागतो, इथवर ते आले. पन्हाळ्याच्या भांडणात हा तिसरा पक्ष कोणीच उभा करत नाही, आणि त्यामुळेच ते भांडण सरकार विरुद्ध रहिवासी एवढ्यावर अडकतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण तो इतिहासातून येतो. देव धनी म्हणायचं आणि देवाच्या वतीने बोलायचं मूठभर मानकऱ्यांनी, असंच शतकानुशतकं झालं. पायरीखाली कोणी थांबायचं, पाणवठ्याच्या कोणत्या बाजूने भरायचं, पालखीला कोणाचा खांदा चालतो, हे सगळं त्याच देवाच्या नावाने ठरत होतं. मानपानाच्या वादात देवळं वर्षानुवर्षं कुलूपबंद राहिली, खटले मुंबईपर्यंत गेले. रत्नागिरीत १९३१मध्ये सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळं असलेलं पतितपावन मंदिर नव्याने बांधावं लागलं, हे जुन्या देवळांच्या धन्याच्या नावाने चाललेल्या कारभाराचंच अपयश होतं. या आक्षेपापुढे मी एवढंच म्हणू शकतो: धनी गैरहजर असेल तर त्याच्या कारभाऱ्याने सगळ्यांत आधी स्वतःला आवरलं पाहिजे, आणि ज्या रीतीत कारभाऱ्याला काहीच सोडावं लागत नाही ती रीत खोटी. गावपळणीचं मोल मला म्हणूनच वाटतं. तिथे मानकरीही घर सोडतो. तीन रात्री त्याची राहुटी आणि बाकीच्यांची राहुटी एकाच माळावर असते. ज्या परंपरेत वरच्यालाही उठावं लागतं तिची बाजू घ्यायला मला संकोच नाही. जिच्यात फक्त खालच्याने उठायचं, तिची बाजू घेण्याचं कारण नाही.

तिसरा आक्षेप पुरातत्त्ववाल्यांचा, आणि कोकणातल्या देवळांकडे बघितलं तर तो मान्यच करावा लागतो. गावाच्या हाती वास्तू दिली की गाव ती बदलून टाकतं. जांभ्याच्या भिंती, कोरीव लाकडी खांब, कौलारू सभामंडप काढून तिथे सिमेंटचा स्लॅब आणि चकचकीत फरशी आली, आणि या सगळ्याला जीर्णोद्धार म्हटलं गेलं. धनी देव असेल तर त्या धन्याच्या घराचं हे काय केलंत, हा प्रश्न रास्त आहे. पण इथे दोष परंपरेचा नाही, अर्धी परंपरा पाळण्याचा आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर अध्याय आहे. त्यात जीर्ण मूर्तीचा विधिपूर्वक निरोप घ्यायला सांगितलं आहे: लाकडाची असेल तर अग्नीला, दगडाची असेल तर पाण्याला. म्हणजे धर्माच्या दृष्टीने दगड हा शेवटचा शब्द नाही, आणि इथे तो पुरातत्त्वापासून वेगळा होतो. पण त्याच ठिकाणी असंही सांगितलं आहे, की नवी मूर्ती त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची असावी. जपानात इसे इथलं देवालय दर वीस वर्षांनी नव्याने उभारतात, शेवटचं २०१३मध्ये. तिथेही लाकूड नवं असतं पण माप, सांधा आणि सुताराची विद्या तीच असते. आपल्याकडे निरोपाचा विधी राहिला, मापाचं आणि द्रव्याचं बंधन सुटलं. जांभा कापणारा, जांभ्याचा चिरा नुसत्या चुन्यात बसवणारा गवंडी गावात उरला नाही, मग गाव स्लॅब घालणार नाही तर काय करणार? २०२०च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटाचा भाग ढासळला तेव्हा निधी किती आणि कधी, याची चर्चा झाली. तो तट नीट ओळखणारे हात तालुक्यात किती आहेत, हा प्रश्न माझ्या लेखी निधीइतकाच मोठा आहे.

आता सहलीला येणाऱ्याकडे वळू. तो एकाच दिवसासाठी येतो म्हणून त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. जत्राही दीड दिवसाचीच असते, आणि वारकऱ्यालाही पंढरीत मुक्काम करण्यापेक्षा वाट चालण्याचंच मोल जास्त. पन्हाळ्यावर भाजलेलं कणीस आणि झुणका-भाकर विकणाऱ्याचं, देवगड-विजयदुर्गाकडे घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईचं घर याच दिवसभराच्या गर्दीवर चालतं. पर्यटन नको म्हणणाऱ्याने आधी त्यांना उत्तर द्यावं. शतपथातलं ते चौथं ऋण इथे दोन्ही बाजूंनी फिटतं. प्रश्न वेळेचा नाहीच. जागेने घालून दिलेल्या क्रमात येणारा स्वतःला बसवतो का, हा आहे. कुणकेश्वराबद्दल देवगडात सांगितली जाणारी आख्यायिका या बाबतीत मोलाची आहे. समुद्रात वादळात सापडलेल्या एका परमुलखातल्या मुसलमान व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला, वाचला आणि देऊळ बांधलं. मंदिराजवळची कबर त्याचीच, असं लोक मानतात. कथा ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीला उतरो वा न उतरो, ती जपणाऱ्या लोकांनी एक गोष्ट पक्की केली आहे: वाटेवरचा परका, दुसऱ्या धर्माचाही, जागेच्या ऋणात येऊ शकतो, आणि ऋण मानलं की तो परका राहत नाही.

या सगळ्यातून एक ठोस सूचना निघते आणि ती मी मनापासून करतो. या दोन्ही गडांना गावपळण द्यावी. वर्षातले तीन दिवस, किंवा दोन-तीन वर्षांतून एकदा तीन दिवस, विजयदुर्गात कोणीही जाऊ नये. सहलीची गाडी नको, मंत्र्यांचा ताफा नको, चित्रीकरण नको, पुरातत्त्व खात्याचे मजूरही नकोत. पन्हाळ्यावर वस्ती आहे, तिथे रहिवाशांना उठवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे तेवढे दिवस बाहेरच्यांनी तटाच्या अलीकडे थांबावं आणि गड गडकऱ्यांकडे असावा. अव्यवहार्य म्हणून हे झटकता येणार नाही. कास पठारावर दिवसाला तीन हजारांहून जास्त लोकांना सोडत नाहीत आणि त्याने साताऱ्याचं काही बिघडलेलं नाही. सुट्टीचे दिवस टाळून तारीख धरली तर धंद्याचं नुकसानही सोसण्याइतकं राहील.

अडचण एकच आहे आणि ती खरी आहे: तारीख ठरवायची कोणी? दिल्लीच्या परिपत्रकाने ठरली तर ती आणखी एक बंदी होईल. गावातल्या दोन-चार घराण्यांनी ठरवली तर जुनाच मानपानाचा तंटा नव्याने उभा राहील. विजयदुर्गापुरतं बोलायचं तर पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार धुळप यांचे वंशज, खाडीवरचे मच्छीमार, जेटीवरचे टपरीवाले, शाळेतले मास्तर, गावातली मुसलमान घरं आणि पुरातत्त्व खात्याचा जो कोणी कर्मचारी तिथे नेमणुकीवर असेल तो, इतक्यांनी गिर्याच्या रामेश्वरासमोर एकत्र बसावं लागेल. ज्याचा कौलावर विश्वास नाही त्याने मतदान मागावं, ज्याचा आहे त्याने कौल मागावा. दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत तारीख जाहीर करू नये. पहिल्या वर्षी ती जुळणार नाहीत, कदाचित दुसऱ्याही.